रेनातोला बेंचवरून उठवण्याची मोहीम

जर्मनीला जाऊन आले आणि माझ्या मोबाईलमध्ये एकाही राजवाड्याचा फोटो नाही. गल्लीतल्या बायकांनी मोठ्या आशेने फोन मागून घेतला. त्यात त्यांना एक हिरवं मैदान, त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे आणि टक्कल पडत चाललेला एक इटालियन मिडफिल्डर एवढंच सापडलं. "हा कोण गं?" असं शेजारच्या काकूंनी ज्या सुरात विचारलं, तो सूर लग्न जमवणाऱ्यांचा असतो. मी म्हटलं, काकू, त्याला बायको आहे, आणि माझं त्याच्याशी नातं एवढंच की मी त्याचं वाटोळं करता करता थांबले. बसा, सांगते.

ज्यांना राजवाडे हवेत त्यांनी दुसऱ्या कुणाचं प्रवासवर्णन वाचावं. पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांत तोच राजवाडा आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे पुढचा गोंधळ समजेल. मी कोल्हापूरची. आमच्याकडे पेठेपेठेत तालीम असते आणि तालमीची फुटबॉल टीम असते. मॅच हरली तर त्या रात्री घराघरात भाकरी कमी लागते. मी खेळत नाही. मी खेळायच्या जागेसाठी भांडते. मैदानावर लग्नाचे मांडव, मैदानावर सेल, मैदानावर पार्किंग, यांच्याविरुद्ध पत्रकं काढणं, ती वाटणं आणि फाडणाऱ्याला पुन्हा नवीन देणं हा माझा उद्योग. पत्रक कसं असावं, तर पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत मागणी, तिसऱ्या ओळीत इशारा. चौथी ओळ कुणी वाचत नाही.

माझी ताई स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहते. एस-बान म्हणजे तिथली लोकल, ती संपते तिथून बसने टेकडी चढायची. दाजी गाडीचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत आहेत. दाजी म्हणजे इतका सज्जन माणूस, की लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट बघतात. ताईचा फोनवर सारखा धोशा होता की जरा भांडणातून सुट्टी घे, इथे ये, इथे भांडायला काहीही नाही. हे तिचं म्हणणं किती चूक होतं ते तिला पहिल्याच रविवारी कळलं.

त्यांच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते. मी पोचले तेव्हा पाटी ताईच्या दाराला होती आणि ताई दमलेली होती. म्हटलं, बहिणीला मदत करावी. सकाळी लवकर उठून मी जिना धुतला. बादलीने. वरून खाली. रविवारी. तिथे रविवारी आवाज करायचा नसतो आणि जिना पुसायचा असतो, धुवायचा नसतो, हे दोन्ही मला तळमजल्यावरच्या बाईंनी समजावलं. पाणी त्यांच्या पायपुसण्याखालून घरात गेलं होतं. दाजींनी त्यांची माफी मागितली, मग त्यांच्या नवऱ्याची मागितली, आणि कुत्रं समोर आलं तेव्हा मला वाटलं त्याचीही मागतात.

आइसक्रीमचं दुकान

दुसऱ्या दिवशी ताईने मला घरापासून लांब ठेवायच्या हेतूने गावच्या चौकातल्या आइसक्रीमच्या दुकानात नेलं. जर्मनीत गाव कितीही लहान असो, एक चर्च, एक बेकरी आणि एक इटालियन आइसक्रीमवाला असतोच. इथला आइसक्रीमवाला म्हणजे रेनातो. चाळिशीला टेकलेला, अंगाने शिडशिडीत. पिस्त्याचा गोळा कोनावर बसवताना तो मान खाली घालत नव्हता; हात आपलं काम करत होते आणि डोळे सगळ्या दुकानावर होते. मी ताईला म्हटलं, हा माणूस मिडफिल्डर आहे. ताई म्हणाली, गप बस.

माझ्या अंगात आमच्या तालमीची जर्सी होती. त्याने ती पाहिली आणि इंग्लिशमध्ये विचारलं की हा कुठला क्लब. त्याचं इंग्लिश ड्रेसिंगरूममध्ये शिकलेलं, माझं मोर्चात. आमचं छान जमलं. तो खरंच मिडफिल्डर निघाला. ताईने दोन दिवस माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही.

रेनातोचं करिअर ऐकताना मला एकेका वाक्याला पत्रक सुचत होतं. इटलीचा नकाशा बुटासारखा, त्याच्या टाचेकडचा मुलगा; सतराव्या वर्षी तिसऱ्या लीगच्या क्लबमध्ये गेला. तिथून दुसरा क्लब, तिसरा, मग चौथी लीग, पुन्हा तिसरी. मोठ्या लीगचं दार त्याने एकदाच पाहिलं, तेही बाहेरून: मोठ्या क्लबविरुद्धच्या कपच्या एका मॅचला नव्वद मिनिटं वॉर्म-अप करत होता, आणि शिट्टी झाली. एका गावात क्लबचा मालक बदलला आणि नव्या मालकाने स्वतःचे खेळाडू आणले. एका गावात हंगामाच्या मध्यावर क्लबच बुडाला; ही मंडळी सरावाला गेली तर गेटला कुलूप. एका ठिकाणी नवीन कोच आला, त्याला उंच मिडफिल्डर हवा होता. पुढे मामाच्या दुकानाला माणूस लागत होता म्हणून रेनातो जर्मनीत आला आणि या गावच्या टीममधून खेळू लागला. ती लीग किती खाली आहे विचारलं तर त्याने आइसक्रीमच्या चमच्याने जमिनीकडे दाखवलं.

"मी मधला," तो म्हणाला. "गोल मारणारा लक्षात राहतो, गोल खाणाराही राहतो. मधला राहत नाही."

मला एवढं पुरे होतं. हा कामगार प्रश्न होता.

मैदान

पुढच्या रविवारी आम्ही मॅचला गेलो. आमच्याकडे मॅचला हलगी असते, झेंडे असतात, दोन्ही बाजूंच्या मध्ये पोलीस असतात. इथे मैदानाच्या कडेने एक दोरी बांधली होती. दोरीमागे पन्नास-साठ माणसं, त्यात निम्मे निवृत्त, स्वतःची खुर्ची आणि खुर्चीवर स्वतःची उशी. टपरीवर लाल सॉसेज पावात घालून मिळत होतं, वर मोहरीची चटणी. चव चांगली, पण भाजणाऱ्या काकांनी मला दुसरं घेताना विचारलं की पहिलं संपलं का. मी पहिल्या दहा मिनिटांत आमच्या पद्धतीने चारदा ओरडले. शेजारच्या आजोबांनी खुर्ची उचलली आणि कॉर्नरच्या झेंड्यापाशी नेऊन मांडली.

पण रेनातो मैदानात नव्हता. बेंचवर होता. पूर्ण मॅच. त्याच्या जागी एक कॉलेजातलं पोरगं धावत होतं, आणि ते नुसतंच धावत होतं. कोच मार्टिन छातीवर हात बांधून उभा. हा मार्टिन दाजींच्या ऑफिसातला टीमलीड. दाजींनी त्याला लांबून नमस्कार केला आणि मला हळूच सांगितलं की ओरडायचंच तर जरा तिकडे तोंड करून ओरडा.

मॅच हरली. मी दोरीखालून वाकून रेनातोला गाठलं आणि विचारलं की तुला का बसवलं. त्याने खांदे उडवले आणि "ट्रेनर," एवढंच म्हणाला; तिथे कोचला तेच म्हणतात. आता, जिने आयुष्यभर पत्रकं काढली तिला उडवलेल्या खांद्यांत अख्खा जाहीरनामा दिसतो. त्यात मार्टिन टीमलीड. म्हणजे भांडवल, व्यवस्थापन आणि कोच, तिन्ही एकाच टोपीखाली. त्या रात्री मी ताईच्या स्वयंपाकघरात पत्रक लिहिलं. पहिली ओळ: रेनातोवरचा अन्याय थांबवा. दुसरी: पुढच्या हंगामाची जागा त्याला आत्ताच द्या. तिसरी: नाहीतर गाव गप्प बसणार नाही.

जर्मन भाषांतर ताईने केलं. तिने माझ्या पत्रकाचे दात एकेक करून उपटले. पहिल्या ओळीत "अन्याय" होता तिथे "आम्हाला आश्चर्य वाटलं" आलं. इशाऱ्याच्या जागी आलं, "आपल्या उत्तराची आम्ही आनंदाने वाट पाहू." मी म्हटलं, हे पत्रक आहे की लग्नाची पत्रिका. ताई म्हणाली, "मला इथं राहायचंय, तुला नाही."

वाटप सुरू झालं. तिथल्या टपालपेट्यांवर स्टिकर असतं की कृपया जाहिरात टाकू नये. मी पत्रकं टाकली. संध्याकाळी एक आजोबा दाजींच्या दारात उभे, पत्रक दोन बोटांत धरलेलं. कॉर्नरच्या झेंड्यापाशी गेलेले तेच. दाजी माफीला तयारच होते. पण आजोबांची तक्रार जाहिरातीची नव्हती. त्यांनी पत्रकातल्या चुका लाल पेनने दुरुस्त करून आणल्या होत्या, स्वल्पविरामासकट, आणि खाली सही केली होती. ते शाळेत शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं की मुद्दा बरोबर आहे पण वाक्यरचना लाजिरवाणी आहे. सुधारलेली प्रत छापा, मी स्वतः वाटतो.

आणि वाटली हो त्यांनी. माझ्या सगळ्या आंदोलनांत मला असा कार्यकर्ता मिळाला नाही. आठवड्याच्या मध्यापर्यंत बेकरीत सह्या, फार्मसीत सह्या, पोहण्याच्या तलावावर ओल्या हातांच्या सह्या. रेनातो गावातल्या प्रत्येक कुत्र्याला कोनाचा तुकडा द्यायचा, त्यामुळे कुत्रेवाले एकगठ्ठा आमच्याकडे. शुक्रवारी क्लबची वार्षिक सभा होती. तिथे ठराव मांडायचा तर सभासद हवा. दाजी सभासद होते. तिथे क्लबात जिम्नॅस्टिकपासून पत्त्यांपर्यंत सगळं असतं आणि दाजी पाठदुखीच्या व्यायामाला जातात. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, "मेहुणीबाई, हा माणूस माझी रजा मंजूर करतो." आणि सही केली. नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही.

पुन्हा आइसक्रीमचं दुकान

गुरुवारी दुपारी मी विजयी मुद्रेने रेनातोला सह्या दाखवायला गेले. पावसाने दुकान रिकामं होतं. त्याने पानं उलटली. एकेक नाव वाचत होता. मग माझ्यापुढे लिंबाचं आइसक्रीम ठेवलं आणि समोर बसला.

"मीच सांगितलं होतं मार्टिनला," तो म्हणाला. "मला बसव म्हणून."

मग सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. या हंगामाबरोबर त्याला थांबायचं होतं. पोरग्याला सवय व्हावी म्हणून स्वतःच बेंचवर बसला होता. शेवटच्या मॅचला थोडा वेळ खेळायचं, आणि मग आपल्या हातानेच बूट सोडायचे. भाषण नको, फुलं नकोत. मार्टिनला त्याने शपथ घातली होती की कुणाला कळता कामा नये. का, तर आजवर एकाही क्लबमधून तो स्वतःहून निघाला नव्हता. कधी मालकाने काढलं, कधी कुलपाने, कधी उंचीने. "बास" हा शब्द त्याच्या आयुष्यात नेहमी दुसऱ्याच्या तोंडून आला. हा एकदा त्याला स्वतः म्हणायचा होता. आणि आता सगळ्या गावाने सही करून ठरवलं होतं की तो खेळणार.

मी विचारलं, मग सभेत सांग ना की मला नकोय. तो म्हणाला की क्लब जे ठरवेल ते खेळाडू करतो. एवढ्या वर्षांत त्याला दुसरं काही शिकवलेलंच नाही. आणि आजोबांनी गोळा केलेल्या या सह्यांना नाही कसं म्हणू.

आइसक्रीम वितळलं. मी धावत घरी गेले आणि दाजींना म्हटलं, ठराव मागे घ्या. दाजी म्हणाले, "आता? विषयपत्रिका क्लबच्या सूचनाफलकावर काचेच्या पेटीत लागली. आता मागे घ्यायचा तर सभेतच. गेनाऊ." हे शेवटचं जर्मन लोक 'अगदी बरोबर'च्या जागी म्हणतात. मला त्यात त्या क्षणी काहीही बरोबर दिसत नव्हतं.

सभा

क्लबच्या हॉलमध्ये सभा. सगळ्यांपुढे बिअर किंवा सोडा घातलेला सफरचंदाचा रस. अध्यक्षबाई टपालखात्यातून निवृत्त झालेल्या, पुढ्यात पितळी घंटा. आधी गळक्या छपराचा विषय झाला, मग जिम्नॅस्टिकच्या गाद्यांचा. आमच्याकडे एवढ्या वेळात दोन खुर्च्या मोडल्या असत्या. इथे लोक हात वर करून बोलायची परवानगी मागत होते आणि मिळाल्यावर आभार मानत होते. रेनातो शेवटच्या रांगेत, मांडीवर हात ठेवून. मार्टिन माझ्याकडे बघत होता, आणि दाजी मार्टिनकडे बघत नव्हते.

आमचा विषय आला. दाजी उठले. त्यांनी रात्रभर आरशासमोर घोकलेली जर्मन वाक्यं म्हटली: ठराव मागे घेतो, क्षमा असावी, धन्यवाद. बसताना रस सांडला. मी सुटकेचा श्वास सोडते तोच लाल पेनवाले आजोबा उभे राहिले. एका सभासदाने मागे घेतलेला ठराव दुसरा सभासद आपल्या नावावर पुढे चालवू शकतो म्हणे. ते तो चालवत होते. वाक्यरचना नाहीतरी त्यांचीच होती. हॉलमध्ये टेबलं वाजवून पाठिंबा. माझी मोहीम माझ्याशिवाय चालू लागली होती, आणि चांगली चालत होती.

मी हात वर केला. पाहुण्याला बोलू द्यायचं की नाही यावर आधी मतदान झालं. परवानगी मिळाली. मी इंग्लिशमध्ये बोलले, ताईने जर्मनमध्ये सांगितलं. म्हटलं, हे पत्रक मी लिहिलं आणि मी तुम्हाला विनंती करते की याच्याविरुद्ध मत द्या. ताईने एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि या वेळी एकही दात न काढता ते जसंच्या तसं सांगितलं. आजोबांनी विचारलं की मग सह्या कशाला गोळा केल्या.

"मी सगळ्या गावाला विचारलं," मी म्हटलं. "फक्त याला विचारलं नाही."

पुढचं मी सांगणं शहाणपणाचं नव्हतं. ते गुपित त्याचं होतं. मी बसले. अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली नाही. चष्म्यावरून शेवटच्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाल्या, रेनातो, तुझं काय म्हणणं आहे?

मला वाटलं, आता खांदे उडवणार, आणि संपलं. पण तो उठला. त्याचं जर्मन त्या गावच्याच बोलीतलं, त्यात इटलीचा उन्हाळा मिसळलेला. ताई माझ्या कानात सांगत होती.

"सगळीकडे मला कुणीतरी येऊन सांगितलं की झालं, जा," तो म्हणाला. "इथे मला सांगायचंय. रविवारी खेळतो. मी हात वर केला की बाहेर. मग कायमचा."

आजोबांनी आपला कागद उचलला, खिशातून लाल पेन काढलं, सगळ्या मजकुरावर एक तिरकी रेघ मारली आणि ठराव मागे घेतला. फक्त एक अट घातली: रविवारी पहिल्या मिनिटापासून खेळवा. त्यावर मतदान झालं. अर्थात.

रविवार

ही हंगामाची शेवटची मॅच. बरोबरी झाली तर टीम या लीगमध्ये राहणार, हरली तर आणखी खाली. रेनातोने चमच्याने दाखवलं होतं त्याहून खाली काही आहे हे मला तेव्हा कळलं.

आणि काय सांगू, तो खेळला. धावला म्हणत नाही. तो चालायचा, आणि बॉल चालत त्याच्याकडे यायचा. बोटाने दाखवायचा की तू तिकडे, तू मागे, आणि इतका वेळ नुसती धावणारी पोरं अचानक कुठेतरी पोचायला लागली. त्यांनी एक गोल मारला, आपण एक. मी ओरडले नाही. आजोबांची खुर्ची या वेळी माझ्या शेजारीच होती.

दुसऱ्या हाफच्या मध्यावर बॉल बाहेर गेला तेव्हा रेनातोने हात वर केला. कुणी ढकललं नव्हतं, पाय दुखला नव्हता. मार्टिनने पोरग्याला आत पाठवलं. रेनातोने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि बेंचवर जाऊन बसला. बास. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बराच वेळ, पण बसूनच.

मग दुसऱ्या टीमने गोल मारला. एक-दोन.

आता या खालच्या लीगमध्ये एक अजब नियम आहे. बाहेर आलेला खेळाडू पुन्हा आत जाऊ शकतो. वर कुठेच चालत नाही ते इथे चालतं, कारण गावात माणसंच तेवढी असतात. हे दाजींनी मला सांगितलं आणि सांगून पस्तावले. दोरीमागचे सगळे एकेक करून बेंचकडे वळले. कुणी हाक मारली नाही. त्या लोकांचं न बोलणं आमच्या हलगीपेक्षा मोठं असतं. माझ्या तोंडात घोषणा तयार होती, चांगली यमकातली. ताईने माझ्या पायावर पाय दिला आणि काढला नाही.

मार्टिन बेंचजवळ गेला. वाकला. काहीतरी विचारलं, हळू, माणूस माणसाला विचारतो तसं.

रेनातोने मैदानाकडे बघितलं. पोरग्याकडे बघितलं. मग मान हलवली, नाही अशी. खाली वाकून एका बुटाची नाडी ओढली, मग दुसऱ्याची.

मोज्यांवरच तो टपरीपाशी गेला, सॉसेज घेतलं, मोहरी जास्त मागितली आणि दोरीखालून वाकून आमच्या बाजूला येऊन उभा राहिला. मी काही विचारलं नाही. मला तेवढं शिकायला जर्मनीला जावं लागलं, असं हवं तर म्हणा.

आणि तेवढ्यात त्यांच्या एका धटिंगणाने आपल्या पोरग्याला आडवं केलं आणि रेफरीने शिट्टी वाजवली नाही. रेनातो फुटला. भरल्या तोंडाने, पाव हवेत नाचवत, त्याने रेफरीला, रेफरीच्या डोळ्यांना आणि माझ्या अंदाजाने रेफरीच्या पूर्वजांना इटालियनमध्ये जे काही ऐकवलं, त्याचा एक शब्दही मला कळला नाही. पण चाल मला पाठ होती. आमच्या गॅलरीत दर मॅचला तीच असते. आजोबांनी खुर्ची हलवली नाही. उलट तेही काहीतरी म्हणाले, व्याकरणशुद्ध.

मॅच आम्ही हरलो. पण त्याआधी रेफरी धावत दोरीपाशी आला, रेनातोवर बोट रोखून म्हणाला की खेळाडूंनी तोंड बंद ठेवायचं, नाहीतर बाहेर.

रेनातोने आपल्या मोज्यांकडे बघितलं, मग दोरीकडे.

"बाहेरच आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा ओरडायला लागला.